८ हजारला लिमिटर लाव, मग पार्टचं बघू

पत्र: दादा, माझ्याकडे १९८५ ची टोयोटा एमआर२ आहे, पहिल्या पिढीची, १.६ चं ४ए-जीई इंजिन, तीन रिबवाला (बाहेरून मजबुतीच्या तीन पट्ट्या असलेला) जुना ब्लॉक. ऑइल पिते आणि निळा धूर मारते त्यामुळे इंजिन उघडायचंच आहे. तर म्हटलं उघडतोच आहे तर ९००० आरपीएम (मिनिटाला फेरे) फिरेल असं बनवून घेऊ. २८८ डिग्रीचे कॅम (व्हॉल्व उघडणारे दांडे, डिग्री जास्त तितका व्हॉल्व जास्त वेळ उघडा) बुक करून ठेवलेत. गाडी सुट्टीच्या दिवशी चालवतो, मध्येमध्ये ट्रॅक डेला नेतो. मेकॅनिक म्हणतो रिंगा-बेअरिंग टाकू, इंजिन दणकट आहे. ऑनलाइन सगळे म्हणतात पिस्टन, रॉड सगळं फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) घे. कोणाचं ऐकू? पुढची पाच-सहा वर्षं मला हे इंजिन परत उघडायचं नाहीये.

उत्तर:

दोघांचंही अर्धं अर्धं ऐक. इंजिन दणकट आहे हे खरंय, आणि कंपनीने दिलंय त्याच्या वर फिरवायचं तर आतलं सामान बदलावं लागतं हेही खरंय. पण ९००० कशाला हे तुला कोणीच विचारलेलं दिसत नाही. तुझ्या पत्रात तो आकडा आहे पण तिथे पोचून गाडी काय करणार हे कुठेच नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात बसव. इंजिन किती फिरावं हे खालच्या भागावरून (क्रँक, रॉड, पिस्टन) ठरत नाही, ते ठरतं हेडवरून. कॅम, पोर्ट, इनटेक, एक्झॉस्ट हे सगळं मिळून एका ठरावीक आरपीएमपर्यंत हवा नीट भरतं आणि त्यानंतर पॉवर पडायला लागते. समजा तुझी पॉवर ७४०० ला सगळ्यात वर जाते, तर लिमिट त्याच्या पाचशे-सहाशे पुढे पाहिजे, म्हणजे गिअर टाकल्यावर इंजिन परत ताकदीच्या पट्ट्यात पडतं. त्याच्या पुढे फिरवलंस तर आवाज मिळेल आणि झीज मिळेल, गाडी काही जास्त पळणार नाही. खालचा भाग मजबूत करणं म्हणजे हेडने मागितलेलं आरपीएम सहन करायची तयारी, बस एवढंच. फोर्ज्ड रॉडने एकही घोडा वाढत नाही.

आता ९००० ची किंमत काय ते बघ. ४ए-जीईचा बोअर ८१ मिमी आणि स्ट्रोक ७७ मिमी. तुझ्या मीटरवर लाल पट्टा ७५०० ला सुरू होतो, तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साधारण १९ मीटर पडतो, ८००० ला साडेवीस आणि ९००० ला २३. ऐकायला फार फरक वाटत नाही ना, पण रॉडवर येणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ७५०० वरून ९००० ला गेलास की आरपीएम वाढले २० टक्के आणि ताण वाढला ४४ टक्के. हिशोबाला पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ४०० ग्रॅम धरू. ७५०० ला पिस्टन वर पोचून परत फिरतो त्या क्षणी तेवढंसं वजन रॉडला जवळजवळ १२७० किलोच्या जोराने ओढतं, ८००० ला १४५० आणि ९००० ला १८३० किलो. आणि हे सगळ्यात वाईट कधी लागतं तर एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना, कारण तेव्हा वरून दाबणारा गॅस नसतो, सगळा ताण रॉडच्या दोन बोल्टांवर. जास्त फिरवलेलं इंजिन फुटतं तेव्हा ब्लॉकला जे भोक पडतं ना, त्याची सुरुवात बऱ्याचदा त्या बोल्टापासून झालेली असते.

आता लगेच तू म्हणशील होंडा एस२००० तर कंपनीतूनच ९००० फिरत होती आणि तिचा स्ट्रोक ८४ मिमी, म्हणजे पिस्टनचा वेग २५ च्या वर. बरोबर आहे. पण १९९९ मध्ये होंडाने ते इंजिन पहिल्या दिवसापासून त्याच आकड्यासाठी काढलं होतं, फोर्ज्ड पिस्टन, कॅमखाली रोलर, सिलिंडरला फायबर मिसळलेल्या धातूचे लायनर, ऑइलचे रस्ते, सगळंच. तू १९८० च्या दशकातलं इंजिन घेऊन तिथे जायला बघतोयस, जाता येतं, रेसवाले जातातही, पण ते इंजिन वरचेवर उघडतातसुद्धा, आणि तुला तर पाच-सहा वर्षं पाना लावायचा नाहीये.

म्हणून माझं सरळ म्हणणं, लिमिटर ८००० ला लाव आणि खालचा भाग ८५०० सोसेल असा बांध. मधली ही गॅप फुकट जात नाही. ट्रॅकवर घाईत तिसऱ्यातून चौथा टाकायला गेलास आणि दुसरा पडला तर लिमिटर काहीही करू शकत नाही, तो स्पार्क नाहीतर पेट्रोल तोडतो, पण इंजिनला तेव्हा चाकं फिरवत असतात. ८००० वरून असा चुकीचा गिअर पडला तर काटा अकरा हजारांच्या पुढे जाऊ शकतो आणि ते कुठलंच फोर्ज्ड सामान आनंदाने सोसत नाही. त्यामुळे जुने गिअर लिंकेज, बुश आणि इंजिन माउंट ढिले झाले असतील तर ते आधी बदल. एमआर२ मध्ये इंजिन मागे आहे आणि गिअर लांब केबलींवर चालतात, त्या केबली झिजल्या की गिअर हाताला लागतच नाही. इंजिन वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे आणि बिल्डच्या यादीत हा कोणीच लिहीत नाही.

आता कॅम. ते २८८ वाले परत करता येत असतील तर कर. तुझ्या गाडीला अजून फ्लॅपवालं एअरफ्लो मीटर (आत जाणारी हवा मोजणारं) आणि कंपनीचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असेल तर त्याच्यावर २८८ चा कॅम आयडलला नीट चालत नाही, हवा उलटी-सुलटी व्हायला लागते आणि फ्लॅप थरथरत बसतो. खालची ताकद जाईल ती वेगळीच. २६४ किंवा फार तर २७२ च्या आसपासचा कॅम घे, गाडी रस्त्यावरही चालवण्यासारखी राहील आणि ८००० पर्यंत दमही टिकेल. २७२ ला जायचं ठरवलंस तर प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू पण धर, त्याशिवाय अर्थ नाही. आणि लोक सांगतात म्हणून टीव्हीआयएस (कमी आरपीएमला इनटेकचे अर्धे रस्ते बंद ठेवणारी टोयोटाची सिस्टिम) काढून टाकू नकोस बाबा, तुझ्या मोठ्या पोर्टच्या हेडला खाली जी थोडीफार ताकद आहे ती त्या जादा फडक्यांमुळेच आहे, चालू असेल तर राहू दे.

लिफ्ट, म्हणजे कॅम व्हॉल्वला किती उघडतो ते, मात्र नीट बघून घे. १६ व्हॉल्वच्या ४ए-जीईला टॅपेटच्या बकेटच्या वर शिम बसते, कॅम थेट त्या चकतीवर घासतो. कंपनीच्या कॅमला हे मस्त चालतं पण लिफ्ट बरीच वाढवली आणि वरून जोरात फिरवलं की कॅमची कड शिमला उचलून बाहेर फेकू शकते, आणि ती चकती हेडमध्ये मोकळी फिरायला लागली की मग काही विचारू नकोस. त्यामुळे एक तर कंपनीच्या लिफ्टच्या जवळपासचा कॅम घे किंवा शिम बकेटच्या खाली बसेल असा सेट घे. स्प्रिंग कॅमवाल्याने सांगितलेल्याच, आणि त्या बसवताना हाइट मोजायची, पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना आणि वरची वाटी व्हॉल्व सीलला लागत नाही ना हे बघायचं. जास्त कडक स्प्रिंग टाकली की जास्त सेफ असं काही नसतं, कॅम आणि बकेट लवकर खाते, बस.

व्हॉल्व आणि पिस्टनमधलं अंतर कागदावर बघून सोडू नकोस, हेड एकदा खोटं बसवून मोज. बदललेले कॅम, फेसिंग केलेलं हेड आणि नवे पिस्टन हे तिन्ही एकत्र आले की जुना कुठलाच आकडा धरता येत नाही. इनटेकला किमान २ मिमी आणि एक्झॉस्टला अडीच मिमी हा नेहमीचा हिशोब आहे, एक्झॉस्टला जास्त कारण तो व्हॉल्व गरम होऊन वाढतो आणि स्प्रिंगने साथ सोडली तर पिस्टन त्यालाच मागून गाठतो. आणि सगळ्यात कमी अंतर बरोबर टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असतो तिथे) नसतं, दहाएक डिग्री इकडे-तिकडे असतं, म्हणून क्रँक हाताने हळूहळू फिरवत डायल गेजने बघायचं.

बरं, आता खालचा भाग, आणि इथे मी तुझा थोडा हिरमोड करणार आहे. तीन रिबवाल्या ब्लॉकमध्ये रॉडचे जर्नल (क्रँकवर रॉड बसतो ते गोल भाग) ४० मिमीचे आणि पिस्टनची पिन १८ मिमीची. टोयोटाने नंतर सात रिबवाला ब्लॉक काढला, त्यात जर्नल ४२ चे आणि पिन २० ची, क्रँक आणि रॉड दोन्ही जाड. बाजारात बाहेरचे रॉड मिळतात तेही बहुतेक त्याच मापाचे. तेव्हा जुन्या क्रँकसाठी महागडं सामान शोधत बसण्यापेक्षा सात रिबवालं एखादं चांगलं खालचं इंजिन मिळतंय का ते बघ. क्रँक, रॉड, पिस्टन सगळे एकाच घरातले घे, १८ च्या पिनचे पिस्टन २० च्या रॉडला बसत नाहीत, आणि हे डबे उघडल्यावर कळलेले लोक कमी नाहीत. नंतरच्या स्मॉल पोर्ट इंजिनला कंपनीनेच १०.३ कॉम्प्रेशन दिलं होतं, तुझ्याला ९.४ आहे. तेवढ्यापर्यंत न्यायला हरकत नाही, फक्त हेडचे चेंबर ब्युरेटने मोजून खरा आकडा काढ, पिस्टनच्या डब्यावरचा आकडा खरा धरू नकोस.

सात रिबवाले कंपनीचे रॉड ८००० साठी पुरतात असं माझं मत, पण तडा तपासून, नवीन चांगले बोल्ट टाकून आणि त्यानंतर मोठं तोंड परत गोल करून. हे शेवटचं विसरतात. नवीन बोल्ट वेगळ्या जोराने आवळले जातात त्यामुळे रॉडचं भोक किंचित लंबगोल होतं, ते होन केल्याशिवाय (दगडाने घासून मापात आणल्याशिवाय) नवीन बेअरिंग टाकलं तर बेअरिंग पहिल्या दिवसापासून एका बाजूला घासतं. बोल्ट आवळताना टॉर्क रेंचपेक्षा बोल्ट किती लांब झाला ते मोजणं जास्त खात्रीचं, आणि आट्यांना बोल्टवाल्याने दिलेलंच ग्रीस लाव, साधं ऑइल लावलंस तर त्याच टॉर्कला बोल्ट कमी आवळला जातो. फोर्ज्ड रॉड घ्यायचेच असतील तर घे, पैसे वाया जाणार नाहीत, पण मशीन शॉपचे पैसे कापून घेऊ नकोस.

फोर्ज्ड पिस्टनमध्येही दोन जाती आहेत. ४०३२ मिश्रधातूत सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास, गरम झाल्यावर कमी फुगतो म्हणून बोअरमध्ये घट्ट बसवता येतो आणि गार असताना वाजत नाही. २६१८ जास्त मार खातो पण फुगतो जास्त, त्याला मोकळी जागा जास्त लागते, सकाळी सकाळी टकटक करतो आणि ऑइलही थोडं जास्त जातं. टर्बो नाही, नायट्रस नाही, तर तुला ४०३२ च पाहिजे. वजनाने हलका मिळाला तर अजून चांगलं, वरचा सगळा हिशोब त्या ४०० ग्रॅमवरच होता.

आणि एक, बोअर मोजल्याशिवाय पिस्टन मागवू नकोस. ब्लॉक आधी केमिकलमध्ये धुवायचा, ऑइलच्या गॅलरीचे प्लग काढून आतून ब्रश मारायचा, मग बोअर वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा मोजायचा. एखादा सिलिंडर इतका गेलेला निघतो की पहिल्या साइजने भागत नाही, आणि तू ती साइज आधीच घेऊन बसलेला असतोस. पिस्टन हातात आले की ते मशीन शॉपला नेऊन दे, प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या त्याच्या सिलिंडरला होन करायला सांग, आणि वर टॉर्क प्लेट लावून कर म्हण, कारण हेड आवळलं की बोअरचा आकार बदलतो. रिंगेची गॅप बोअरच्या हजारी चार भाग, म्हणजे तुझ्याकडे ०.३२ मिमीच्या जवळपास, पण पिस्टनसोबत आलेला कागद अंतिम.

बेअरिंग क्लिअरन्स (बेअरिंग आणि जर्नलमधली फट) हा या सगळ्या कामाचा गाभा आहे असं मी म्हणेन. जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग ही जुनी मोजपट्टी अजूनही चालते, म्हणजे ४२ च्या जर्नलला ०.०४ मिमीच्या थोडं वर, आणि मेन जर्नलला (क्रँक ब्लॉकमध्ये बसते तिथले), जे ४८ चे आहेत, ०.०५ च्या आत-बाहेर. करायचं असं की मायक्रोमीटर जर्नलवर शून्य करायचा, बोअर गेज त्या मायक्रोमीटरला जुळवायचा, मग बेअरिंग बसवून, कॅप पूर्ण टॉर्कला आवळून आत गेज फिरवायचा, काटा जितका सरकला तितकी क्लिअरन्स. प्लास्टिकची दोरी चेपून बघतात ते पडताळणीला ठीक, निर्णय त्याच्यावर घेऊ नये. एखादा जर्नल घट्ट निघाला तर वेगळ्या ग्रेडचं बेअरिंग टाकून जुळवता येतं, त्यासाठी हाताशी दोन ग्रेड ठेव. क्रँकला तडा तपासून, सरळ आहे का बघून पॉलिश, आणि बॅलन्स करताना फ्लायव्हील, क्लच कव्हर आणि पुढची पुली सोबत दे.

पुलीवरून आठवलं, ती हलकी ॲल्युमिनियमची रंगीत पुली अजिबात घेऊ नकोस. कंपनीच्या पुलीत जो रबराचा पट्टा असतो तो क्रँकची पिळवटणारी थरथर मारतो. या इंजिनचा ऑइल पंप थेट क्रँकच्या नाकावर बसतो, ती थरथर सगळी पंपाच्या गिअरवर जाते, आणि वर फिरवलेल्या इंजिनात ते गिअर तुटतात ते उगाच नाही. त्यात लिमिटरवर इंजिन आपटत ठेवायची सवय असेल तर अजूनच लवकर. नवीन पंप घे, उघडून गिअरमधली फट मोज, मजबूत स्टीलचे गिअर मिळत असतील तर ते टाक. आणि रबर इतक्या वर्षांत कडक झालेलं असतं, म्हणून पुलीही नवीनच.

ट्रॅकवर जाणार आहेस तर ऑइलच्या चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) बॅफल, म्हणजे ऑइल अडवणारे पत्रे, पाहिजेतच. तुझं इंजिन आडवं बसलंय, लांब वळणावर ऑइल एका बाजूला चढतं, वरून जास्त आरपीएमला बरंच ऑइल हेडमध्ये अडकलेलं असतं, पंपाची नळी हवा ओढते आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदात बेअरिंग जातं. ऑइल प्रेशरचा खरा मीटर लाव, नुसता दिवा कामाचा नाही, तो पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. ऑइलच्या तापमानाचाही मीटर लाव कारण पाणी गरम झालं तरी ऑइल बराच वेळ थंडच असतं. ऑइल ७० डिग्री व्हायच्या आत आरपीएमचा काटा वर न्यायचा नाही. ट्रॅकवर १२० च्या पुढे जात असेल तर कूलर, पण थर्मोस्टॅटवाला, नाहीतर रस्त्यावर ऑइल कधी गरमच होणार नाही.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून स्टार्टरने फिरव, मीटरवर प्रेशर दिसू दे, मगच प्लग. चालू झाल्यावर आयडलवर घुमवत बसू नको, लीक बघून घे आणि रस्त्यावर काढ, मधल्या आरपीएमला नीट लोड दे, मग ॲक्सिलरेटर सोडून गाडी इंजिनवर येऊ दे, असं करत रहा, रिंगा अशाच बसतात. साधं मिनरल ऑइल. पहिला फिल्टर लवकर काढ आणि कापून कागद उघडून बघ, थोडी बारीक राखाडी चमक चालते, चकचकीत कपचे दिसले तर तिथेच थांब.

मेकॅनिकशी भांडू नकोस. हात चांगला असेल तर जोडणी त्याच्याकडूनच करून घे. फक्त काम द्यायच्या आधी सांग की प्रत्येक बोअर, प्रत्येक जर्नलची क्लिअरन्स, रिंगेची गॅप आणि व्हॉल्वचं अंतर एका कागदावर लिहून पाहिजे, आणि मोजताना मी शेजारी उभा राहणार. चांगला माणूस असेल तर त्याला हे आवडेल. "आपल्या हाताला बरोबर कळतं, मोजायची गरज नाही" असं म्हणाला तर ब्लॉक उचल आणि दुसरीकडे ने.